आधी करंट ठरवा, मग इंजिन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लातूरच्या एका ताईंचं पत्र आलं होतं. नातू नऊ वर्षांचा आहे, त्याला टेबलावरची बारकी नको, अंगणात पळणारी मोठी मॉडेल रेल्वे हवीये, तर पहिलं इंजिन कुठलं घ्यावं आणि चालवायला कंट्रोल कुठला, असं त्यांनी विचारलं होतं. खाली उत्तर छापलं होतं की घ्यायचं तर मोठंच घ्या आणि एकदम डिजिटलच घ्या, नंतर पस्तावायला नको. ते वाचलं आणि मला राहवलं नाही, कारण अगदी हाच सल्ला मी सहा वर्षांपूर्वी ऐकला होता आणि त्यापायी एक मोठं इंजिन आमच्या माळ्यावर खोक्यात पडून राहिलं.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे ताईंना अंदाज येईल. मी विजेच्या खात्यातून रिटायर झालेला माणूस. वडील कुर्डुवाडीच्या शेडला बार्शी लाइनवर फायरमन होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली सुरू केलेली ती अडीच फुटी लाइन, पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज अशी वाढत गेली. आषाढीला त्या गाडीच्या टपावर, दारात, बफरवर सगळीकडे वारकरी असायचे आणि वडील घरी आले की अंगाला कोळशाचा वास असायचा. ताई लातूरच्या आहेत म्हणजे त्यांनीही ती गाडी पाहिली असणार. आता ती राहिली नाही, सगळं ब्रॉडगेज झालं. आमच्यासारख्यांच्या डोक्यात मोठ्या मॉडेलचं खूळ येतं ते इथून येतं, त्यामुळे मला हा प्रश्न नुसत्या खेळण्याचा वाटत नाही.

मोठ्या मॉडेलची मूळ जागा जर्मनी. मुलगा श्टुटगार्टला असतो, त्याच्याकडे पाच महिने राहिलो तेव्हा शेजारच्या आजोबांच्या बागेत पहिल्यांदा ही गाडी बघितली. एलजीबी म्हणजे लेमान ग्रोस बान, लेमानची मोठी रेल्वे. न्युरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली ती काढली आणि पहिलं इंजिन होतं चार चाकांचं छोटंसं 'श्टाइन्झ'. आजोबांकडचं इंजिन सत्तरच्या दशकातलं होतं, रंग उडालेला, पण पानं पडलेल्या ट्रॅकवरून ते पाच डबे ओढत होतं. नंतर मला कळलं की ऑस्ट्रियातल्या ज्या लाइनवर खरं श्टाइन्झ इंजिन चालायचं तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६० मिलिमीटर. आपली बार्शी लाइन ७६२! दोन मिलिमीटरचा फरक. त्या दिवशी मी मुलाच्या मागे लागलो आणि आम्ही जवळच ग्योपिंगेनला मेर्क्लिनचं म्युझियम बघून आलो (२००७ ला एलजीबी ह्याच मेर्क्लिनने घेतली).

तर ताई, पहिली गोष्ट, दुकानात किंवा ऑनलाइन इंजिनाचे फोटो बघायच्या आधी एक प्रश्न ठरवा, इंजिनातल्या मोटरपर्यंत करंट कुठून जाणार? रुळातून जाणार की इंजिनातच बॅटरी असणार? लोक हा प्रश्न शेवटी विचारतात, इंजिन घेतात, मग कंट्रोलर शोधतात, मग कळतं की रूळच चालणार नाहीत. मी तसंच केलं. इथेच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुनं अमेरिकन पद्धतीचं इंजिन घेतलं, दोन मोटरवालं, टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, जवळजवळ पाऊण मीटर लांब, दिसायला राजा. आणि मुलाने पाठवलेल्या स्टार्टर सेटमधला ट्रॅक होता सगळ्यात लहान वळणाचा, ज्याला ते आर-वन म्हणतात, त्याची त्रिज्या ६०० मिलिमीटर आणि बारा तुकड्यांत गोल पुरा होतो. ते इंजिन त्या वळणावर चढेचना, पुढची चाकं आत घुसायची, मागची बाहेर. चढलंच तर सेटमधला पॉवर पॅक जेमतेम एक अँपिअरचा, इंजिन धूर आणि दिव्यांसकट दोनच्या वर मागायचं, तो आपला ट्रिप. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे आमची जबाबदारी इंजिन चालू आहे एवढीच. चूक त्याचीही नव्हती, मी विचारलंच नव्हतं. पण नात सात वर्षांची होती आणि तिला पहिल्या दिवशी गाडी फिरलेली बघायची होती, ती काही फिरली नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

म्हणून आधी करंट, मग वळण आणि सगळ्यात शेवटी इंजिन. वळणाचं सोपं आहे, चुना घेऊन अंगणात आखा. आर-वनचा गोल रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत १ मीटर २० सेंटीमीटर, डबे बाहेर डोकावतात ते धरून दीड मीटर मोकळी जागा हवी. जागा असेल तर आर-थ्री घ्या, त्याची त्रिज्या ११९५ मिलिमीटर, म्हणजे साधारण आठ फुटी गोल, त्यावर मोठी इंजिनंसुद्धा नीट जातात आणि गाडी रेल्वेसारखी दिसते, कुत्रं शेपटीमागे फिरतंय असं दिसत नाही. पण सुरुवातीला आर-वन चालेल, फक्त मग इंजिनही आर-वनवर चालणारंच, त्यात तडजोड नको.

आता करंट. हा भाग जरा सविस्तर लिहितो कारण गोंधळ सगळा इथेच आहे.

साधा जुना मार्ग म्हणजे डीसी. एका रुळात प्लस एका रुळात मायनस, नॉब फिरवला की व्होल्टेज शून्यापासून वीस-बावीसपर्यंत वाढतं आणि इंजिन पळतं, उलटं केलं की मागे येतं. नऊ वर्षांच्या पोराला दोन मिनिटांत कळतं. हॉलमध्ये फरशीवर गाडी मांडायची असेल, एकच इंजिन असेल, तर माझ्या मते एक वर्ष तरी ह्याच्या पलीकडे जायची गरज नाही. फक्त टेबलावरच्या लहान गाड्यांचा बारा व्होल्टचा कंट्रोलर ह्याला जोडू नका, तो दमतो आणि गरम होतो. आणि अमेरिकेतून कुणी पॉवर पॅक आणला तर त्यावर १२० व्होल्ट लिहिलंय का बघा, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो तसाच खुपसला तर जळणारच. जर्मनीचा २३० चाच असतो, तो चालतो.

दुसरा मार्ग डिजिटल, डीसीसी. त्यात रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतं आणि त्याच्यातूनच हुकूम जातात, प्रत्येक इंजिनात डिकोडर नावाचं छोटं सर्किट असतं आणि त्याला नंबर असतो, नवीन डिकोडर बहुतेक ३ नंबर घेऊनच येतो. तुम्ही हँडसेटवर ३ नंबर लावून नॉब फिरवला की तेच इंजिन हलतं, बाकीची उभी राहतात. शिट्टी, घंटा, वाफेचा आवाज, पुढचा-मागचा दिवा वेगळा, सगळं मिळतं आणि ऐकायला फार छान वाटतं हे मी मान्य करतो. दोन-तीन इंजिनं एकाच ट्रॅकवर स्वतंत्र चालवायची असतील आणि ट्रॅक घरात असेल तर डीसीसीसारखं काही नाही. पुण्यात कर्वे रोडवर जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ पासून, तिथला देखावा लहान स्केलचा आहे पण एका वेळी अनेक गाड्या शिस्तीत चालतात म्हणजे काय ते नातवाला तिथे जाऊन नक्की दाखवा, काहीही विकत घ्यायच्या आधी दाखवा.

पण डीसीसीची पेटी, म्हणजे रुळाला करंट आणि हुकूम देणारी, मोठ्या गाड्यांना लहान गाड्यांची चालत नाही, इथे पाच अँपिअरपासून पुढे बोलायचं. शिवाय सेकंडहँड घेताना एक खाच आहे जी विक्रेते सांगत नाहीत, कधीकधी त्यांनाही माहीत नसते. एलजीबीची नव्वदच्या दशकातली डिजिटल सिस्टीम शिट्टी-घंटेचे हुकूम एकामागून एक ठोक्यांनी पाठवायची, पाच नंबरचं फंक्शन म्हणजे पाच ठोके. आजचा हँडसेट ते वेगळ्या पद्धतीने एकदम पाठवतो. त्यामुळे त्या काळचं इंजिन आजच्या पेटीवर पळेल पण शिट्टीचं बटण दाबलं तर गप्प बसेल, आणि तुम्हाला वाटेल डिकोडर गेला. पेटीत जुन्या पद्धतीची सोय आहे का ते आधी विचारा. आणि उलट बाजूने एक चांगली गोष्ट, आज येणारी बरीच डिजिटल इंजिनं साध्या डीसीवरही चालतात, म्हणजे डिजिटल इंजिन मिळालं म्हणून लगेच डिजिटल पेटी घ्यायची असं काही नाही. खोक्यावर बघा किंवा लेखी विचारून घ्या.

ह्या दोन्ही मार्गांत एक गोष्ट सारखी आहे, करंट रुळातून येतो, म्हणजे रूळ आणि चाक दोन्ही स्वच्छ पाहिजेत. आणि इथे आपला देश वेगळा पडतो. माझा ट्रॅक सोलापुरात गच्चीवर आहे, चौदा मीटरचा लंबगोल. पितळी रूळ, जर्मनीत हेच वापरतात, तिथे आजोबा आठवड्यातून एकदा पुसायचे. माझ्याकडे मार्च-एप्रिलमध्ये एका रात्रीत धुळीचा थर बसतो, त्यावर कबुतरं, पावसाळ्यात पितळ काळं पडतं. दोन वर्षं मी रोज सकाळी घासायचं रबर घेऊन गुडघ्यावर बसून चौदा मीटर रूळ घासले, दोन्ही बाजूंचे म्हणजे अठ्ठावीस मीटर. घासल्यावर तासभर छान चालायचं, मग डब्यातले दिवे लुकलुकायला लागायचे, चाकाखाली ठिणग्या दिसायच्या, इंजिन अडायचं आणि डीसीसीत तर अडलं की डिकोडर पुन्हा सुरू होताना आवाजही तुटायचा. त्यातून सांधे. रुळाच्या जोडपट्टीत धूळ गेली की तिथे करंट तुटतो, प्रत्येक सांध्याला वायर जोडून डाख दिला तरच भरवसा. बरं सांधे घट्टही करता येत नाहीत कारण पितळ उन्हात वाढतं. हिशोब करून बघा, दहा मीटर रूळ, जानेवारीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारच्या गच्चीपर्यंत पन्नास डिग्रीचा फरक धरला तर तो जवळजवळ एक सेंटीमीटर लांबतो. खऱ्या रेल्वेच्या गँगमनला जी फट सांभाळावी लागायची तीच आपल्याला सांभाळावी लागते. पहिल्या उन्हाळ्यात माझा सरळ भाग सापासारखा वाकला होता.

म्हणून मी तिसऱ्या मार्गाला आलो आणि ताईंनाही, गाडी खरंच अंगणात चालवायची असेल तर, तोच सांगेन. बॅटरी आणि रेडिओ. करंट रुळातून घ्यायचाच नाही. इंजिनात किंवा त्याच्यामागच्या बंद डब्यात बॅटरी, एक छोटा रिसीव्हर जो मोटरचा स्पीडही सांभाळतो, आणि हातात एक नॉबचा रिमोट. ब्रिटनमध्ये अंगणातल्या रेल्वेवाली मंडळी हे फार करतात, अमेरिकेत ह्याला डेड रेल म्हणतात, मेलेले रूळ. रूळ मेले की सगळी कटकट मेली. धूळ असो, गंज असो, सांध्यात फट असो, गाडी जाते. रूळ पितळेचेच हवेत असं नाही, ॲल्युमिनियमचे स्वस्त चालतात. गाडी वळून परत त्याच रुळावर येते तो लूप टाकला तरी शॉर्टसर्किट नाही, वायरिंग शून्य. पोराला फक्त रूळ मांडायचे आणि गाडी ठेवायची, बास.

आमच्या गाडीत १८६५० मापाचे चार लिथियम सेल एकामागे एक जोडलेत, १४.८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १६.८. लहान इंजिन चार डबे ओढताना अर्धा अँपिअरच्या आसपास घेतं, तीन अँपिअर-अवरचे सेल असले तर कागदावर सहा तास होतात, प्रत्यक्षात मी चार धरतो. रुळातून बावीस व्होल्ट दिल्यावर जेवढं सुसाट पळेल तेवढं हे पळत नाही, पण लहान वळणावर सुसाट पळवायचं तरी कशाला. एक काम मात्र विसरू नका, इंजिनाच्या चाकांवरून मोटरकडे येणाऱ्या वायरी तोडून त्यांची टोकं टेप लावून बंद करा, नाहीतर कधी कुणाच्या करंटवाल्या ट्रॅकवर ठेवलं तर तो करंट बॅटरीत घुसेल.

सेलच्या बाबतीत मी कडक आहे आणि ताईंनीही राहावं. बाजारात ९९०० लिहिलेले सेल मिळतात, घेऊ नका, खरा १८६५० सेल साडेतीन हजार मिलीअँपिअर-अवरच्या आसपास संपतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा म्हणजे सरळ फसवणूक. चांगल्या दुकानातून, पॅकला संरक्षणाचं सर्किट लावलेलं, आणि वायरीत एक फ्यूज. चार्जिंग मोठ्या माणसाने करायचं, फरशीवर, समोर बसून, रात्री लावून झोपायचं नाही. ४५ डिग्रीच्या वर लिथियम चार्ज करायचं नसतं आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी गच्चीच्या पेटीत तेवढं सहज होतं, म्हणून खेळ झाला की बॅटरीचा डबा घरात, सावलीत. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे सेल जास्त शांत असतात, जागा असेल तर तेच घ्या, त्यांचा एक सेल ३.२ व्होल्टचा म्हणून एखादा जास्त लागतो. परदेशातून पार्सलने सुटे सेल मागवायच्या फंदात पडू नका, विमानाने ते पाठवण्यावर बरेच निर्बंध आहेत. आणि रेडिओ घेताना २.४ गिगाहर्ट्झचाच. अमेरिकेतले काही सेट नऊशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, आपल्याकडे त्या पट्ट्यात मोबाइल चालतो, ते इथे वापरायचे नाहीत. सिग्नल तुटला तर इंजिन आपोआप थांबतं का हेही विचारा, मुलाच्या हातात रिमोट आहे.

हे सगळं ठरल्यावर इंजिन. ताई, लहान घ्या. दोन आखांचं, चार चाकांचं, टेंडर नसलेलं, सव्वा वीतभर लांबीचं. श्टाइन्झसारखं वाफेच्या इंजिनाचं रूप असलेलं किंवा चौकोनी छोटं डिझेल. एलजीबी करतं, पिको करतं, दोन्ही जर्मन. असली इंजिनं आर-वनवर लोण्यासारखी जातात, करंट कमी खातात, हातातून पडली तरी बहुतेक वेळा वाचतात, आणि पाच-सहा छोटे डबे आरामात ओढतात. चढ द्यायचा असेल तर शंभरात दोनच्या वर नको. आत बॅटरीला जागा नसते, मग मागे एक बंद मालडबा कायमचा जोडायचा आणि बॅटरी, रिसीव्हर त्यात, दोन वायरी इंजिनाकडे. आमच्या डब्यावर नातीने ब्रशने 'दूध' असं लिहिलंय.

नवीन घेणं जमत असेल तर उत्तम, जुनं घेत असाल तर विक्रेत्याकडून व्हिडिओ मागवा, इंजिन हळू, अगदी मुंगीच्या चालीने दोन्ही दिशांना चालताना, वेगात नव्हे. हळू चालताना टकटक आवाज आला तर प्लॅस्टिकचं गिअर तडकलेलं असू शकतं. आणि ज्या कंपनीचं आहे ती अजून आहे का बघा, अमेरिकेतली ॲरिस्टोक्राफ्ट २०१३ ला बंद झाली, तिची इंजिनं दणकट आहेत, स्वस्तातही मिळतात, पण पार्टसाठी वणवण करावी लागते, नवख्याने त्यात पडू नये.

मापाचा एक घोळ राहिला. दोन रुळांत ४५ मिलिमीटर अंतर असलेल्या ह्या एकाच ट्रॅकवर वेगवेगळ्या स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या वेगवेगळ्या पटीने लहान केलेल्या, गाड्या चालतात आणि नवखा माणूस इथे हमखास फसतो. एलजीबी मीटरगेज दाखवते म्हणून १:२२.५, कारण हजार मिलिमीटर भागिले साडेबावीस म्हणजे साडेचव्वेचाळीसच्या आसपास. युरोपातल्या मोठ्या लाइनचं मॉडेल असेल तर १:३२, अमेरिकेतली तीन फुटी लाइन १:२०.३, आणि अमेरिकन मोठी इंजिनं बऱ्याचदा १:२९. सगळी रुळावर बसतात, पण एका स्केलचं इंजिन आणि दुसऱ्या स्केलचे डबे जोडले तर डबा इंजिनापेक्षा उंच दिसतो. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, १:३२ मध्ये त्याला ५२ मिलिमीटरचा रूळ लागेल, ४५ नव्हे, त्यामुळे नातवाने 'आपल्या' लाल-पांढऱ्या इलेक्ट्रिक इंजिनाचा हट्ट धरला तर ते ह्या मापात तयार मिळेल ही आशा धरू नका, मी तरी बघितलेलं नाही. आणि बार्शीचं इंजिन? ७६२ भागिले ४५, म्हणजे १:१७. किंवा दुसरा एक ३२ मिलिमीटरचा रूळ असतो, ब्रिटनमध्ये फार चालतो, त्यावर १:२४. तेच आपलं माथेरान दोन फुटी, ३२ च्या रुळावर १:१९ ला बरोबर बसतं. मी बार्शीचं एक इंजिन पत्र्यातून स्वतः करतोय, खाली विकतच्या इंजिनाची मोटर आणि चाकं, वर माझं काम, मापं नागपूरला मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममधल्या इंजिनांसमोर उभं राहून डोळ्यात साठवली आणि घरी वडिलांचे दोन जुने फोटो आहेत त्यावरून. पण हे सहा वर्षांनंतर. पहिल्याच वर्षी स्वतःच्या गावचं इंजिन शोधायला निघालात तर पोरगं मोठं होऊन जाईल, गाडी फिरणार नाही.

खऱ्या वाफेच्या मॉडेलबद्दलही लिहायलाच हवं कारण नातू कधीतरी व्हिडिओ बघेल आणि मागेल. इंग्लंडमध्ये डाँकास्टरला राउंडहाउस नावाची कंपनी आहे, ते छोट्या सिलिंडरमधल्या ब्यूटेनवर खरं पाणी उकळून चालणारी इंजिनं करतात, दार्जिलिंगच्या छोट्या गाडीच्या बी क्लास इंजिनाचंही केलेलं आहे. एकदा गॅस-पाणी भरलं की वीस-पंचवीस मिनिटं चालतं, तेल आणि वाफेचा तो वास येतो. मी श्टुटगार्टजवळ एकदा प्रत्यक्ष बघितलं आणि मला तिथे थोडा वेळ बाजूला जाऊन उभं राहावं लागलं. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात ते देऊ नका, बॉयलर भाजतो. पण लक्षात ठेवा, असल्या इंजिनांची दोन बाजूंची चाकं बऱ्याचदा एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने वेगळी केलेली नसतात, करंटवाल्या रुळावर ठेवलं की थेट शॉर्टसर्किट. तुमचे रूळ मेलेले असतील तर तेच रूळ दहा वर्षांनी वाफेच्या इंजिनालाही चालतील, काही उखडावं लागणार नाही. बॅटरीचा आग्रह मी धरतोय त्याचं हे एक मोठं कारण आहे.

पैशाचं म्हणाल तर इंजिनाइतकाच खर्च रुळांना येतो हे धरून चाला, आणि मागवताना ड्युटीचा आकडा आधी काढा. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७०, आणि २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) नियमही लागू आहेत. स्वस्त आणि धोकादायक खेळणी अडवायला ते केलं असेल, चांगलंच आहे, पण त्याच वर्गात म्हाताऱ्या माणसाचं मॉडेल इंजिनही धरलं जातं. संपादक महाशय, ह्यावर तुमच्या बातमीदारांनी एकदा नीट लिहावं, छंदासाठी एक-दोन नग मागवणाऱ्याने नेमकं काय करायचं हे सरळ मराठीत कुठेच वाचायला मिळत नाही. सध्या मी एवढंच सांगू शकतो की कुरिअरवाल्याला पार्सल निघायच्या आधी विचारा ते कुठल्या वर्गात टाकणार आणि त्यावर किती लागेल, मेलवर उत्तर घ्या. नातेवाईक येणार असतील तर त्यांनाही सामानाचे नियम आधी बघायला सांगा.

ताईंना शेवटचं एक. तुम्ही पत्रात लिहिलंय की नातवाला सरप्राइज द्यायचंय. नका देऊ. त्याला चुना आणि टेप द्या आणि अंगण मोजायला लावा, गोल त्यालाच आखू दे, पेरूचं झाड मध्ये येत असेल तर त्याच्याभोवतीने रूळ कसा न्यायचा ते त्यालाच ठरवू दे. माझ्या नातीने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालून बोगदा काढला, मला सुचला नसता.

आमच्याकडे गाडी पहाटे सहाला निघते, रूळ गार असतात तोवर, आणि साडेसातला ऊन आलं की बंद. लातूरहून सोलापूर काही लांब नाही, ताईंनी नातवाला घेऊन कधीही यावं, माझा पत्ता तुमच्या ऑफिसात दिलेला आहे. फक्त आदल्या रात्री मुक्कामाला या, म्हणजे सकाळची गाडी चुकणार नाही.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
सोलापूर